पाणीवाल्या वहिनी

गल्लीत नळाचं पाणी आलं त्या दिवसापासून वहिनींना सगळे ‘पाणीवाल्या वहिनी’ म्हणायला लागले. त्याआधी त्या नुसत्या वहिनी होत्या, म्हणजे भाऊंची बायको. आणि भाऊ म्हणजे शेवटून दुसऱ्या घरातले मासेवाले भाऊ. खायचे मासे नव्हेत, पाळायचे. कुणी नवखा पत्ता विचारत यायचा आणि दारातूनच म्हणायचा, “मासे ताजे आहेत ना?” भाऊ चेहरा अगदी सरळ ठेवून सांगायचे, “इतके ताजे की अजून पोहतायत.”

भाऊ मूळचे छापखान्यातले. एकतीस वर्षं एकाच यंत्रावर उभे राहिले, आणि छापखान्याला कुलूप लागलं तेव्हा नखांतली शाई तेवढी घरी घेऊन आले. घरात काचेची एक पेटी होती, तीत हौसेच्या चार काळ्या मोली, म्हणजे बोटाएवढे शोभेचे मासे. माणूस रिकामा बसला की एकतर भांडतो नाहीतर काहीतरी वाढवतो. भाऊंनी मोली वाढवल्या. जुनी घरं पाडणाऱ्या एका ठेकेदाराकडून त्यांनी टाकाऊ बाथटब आणले. दहा पांढरे आणि एक गुलाबी. मागच्या अंगणात हिरव्या जाळीखाली ते ओळीने मांडले. पाहुणे आले की वहिनींना लाज वाटायची. “घरात न्हाणीला धड दार नाही आणि अंगणात अकरा बाथटब,” असं त्या म्हणायच्या, आणि मग स्वतःच हसायच्या.

एका वर्षी एका पिल्लाच्या पाठीवरच्या पंखाला केशरी रेघ दिसली. केसाएवढी बारीक. भाऊंनी ते पिल्लू वेगळं काढलं. त्याच्या पिल्लांतून पुन्हा रेघवाली निवडली, त्यांच्या पिल्लांतून पुन्हा. असं सतरा वर्षं चाललं. शेवटी अंगणात जी मोली तयार झाली ती अंगाने शाईसारखी काळी, पंख शिडासारखा उभा, आणि पंखाच्या कडेने पेरभर लांबीचा झगझगीत केशरी काठ. बाजारपेठेतला दुकानदार तिला ‘काठवाली’ म्हणायचा. दर आठवड्याला तो गाडी घेऊन यायचा आणि म्हणायचा, “भाऊ, असा माल दुसरीकडे कुठे नाही हो.” भाऊ म्हणायचे, “माल नका म्हणू. ऐकू जातं त्यांना.”

या सगळ्यात वहिनींचं काम मिठाचं. टबाचं पाणी बदललं की दर टबाला एक मूठ खडेमीठ, तेही आधी बादलीत विरघळवून मग हळूहळू सोडायचं. मोलीला थोडं मीठ मानवतं, एवढं वहिनींना ठाऊक होतं. बाकी पाणी परसातल्या विहिरीचं. ते इतकं जड की साबण फेसायचा नाही, कडधान्य शिजता शिजायचं नाही, किटलीच्या तळाला पांढरं कवच धरायचं आणि टाकीच्या नळाचं तोंड बुजून जायचं. वहिनी तारेच्या चोथ्याने किटली घासत बसल्या की भाऊ शेजारून जाताजाता म्हणायचे, “आपल्या विहिरीचं पाणी म्हणजे सोनं आहे.” वहिनींना वाटायचं, चेष्टा करतायत. भाऊंनाही समजावून सांगायची सवय नव्हती. पहिल्यांदा मासे नेणाऱ्या गिऱ्हाइकाला ते पुडीत बांधून चार पांढरे खडे द्यायचे, तेव्हाही ते काही बोलायचे नाहीत. पेटीत शोभेला देत असतील, असं वहिनी धरून चालल्या होत्या.

भाऊंना दोनदा मूतखडा झाला. दुसऱ्या खेपेला ते तीन दिवस गुरासारखे ओरडले, आणि वहिनींनी तेव्हाच मनाशी ठरवलं, की गल्लीत धरणाचं गोडं पाणी आणल्याशिवाय राहायचं नाही. अर्ज लिहिला. घरोघर फिरून एकशे त्रेचाळीस सह्या गोळा केल्या. भाऊंनीही सही केली, फक्त म्हणाले, “येऊ दे पाणी. विहिरीला मात्र हात लावू देऊ नकोस.”

“हो हो,” वहिनी म्हणाल्या, आणि सह्या मोजायला लागल्या.

पाणीखात्यात दोन वर्षं खेटे घातले. विहिरीच्या पाण्याची तपासणी करून कागद जोडा, म्हणाले, जोडला. नकाशा जोडा, म्हणाले, जोडला. आणि मग एका सकाळी भाऊ टबात जाळी घालून वाकले ते तसेच आडवे झाले. उजवी बाजू गेली. वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा त्यांच्याजवळ दोनच शब्द उरले होते, ‘हो’ आणि ‘अगं’. पाणी हवं का? हो. उशी उंच करू? हो. दुखतंय? हो. दुखत नाही ना? हो.

आता वहिनींना पाणी हवं होतं ते चादरींसाठी. रोजच्या तीन चादरी. विहिरीच्या पाण्यात साबण फेसायचा नाही, चादरी वाळल्या की पुठ्ठ्यासारख्या ताठ व्हायच्या, आणि भाऊंच्या पाठीची कातडी सोलवटून निघायची. वहिनी खात्यात गेल्या ते साहेबाच्या टेबलासमोर बसूनच राहिल्या. साहेबाने शेवटी कागद पुढे केला. जोडणी मिळेल, पण विहीर बुजवावी लागेल. गटाराचं पाणी झिरपतंय तिच्यात, दोन पाणी एकत्र आली तर गल्लीत रोगराई पसरेल.

वहिनींनी पेन उचललं. भाऊ काय म्हणाले होते ते त्यांना आठवलं. पण त्यांना वाटलं, उन्हाळ्यात नळाचं पाणी तुटेल म्हणून म्हणाले असतील. आणि घरी तिसरी चादर भिजत पडली होती. त्यांनी सही केली. भाऊंना विचारलं नाही. विचारून काय, ‘हो’च म्हणाले असते.

विहिरीत राडारोडा ओतायला गाडी आली त्या दुपारी भाऊ डाव्या हाताने पलंगाची दांडी बडवत राहिले. धडाधड आवाज येत होता, धूळ उडत होती. “आवाजाचा त्रास होतोय ना तुम्हाला?” म्हणत वहिनींनी खिडकी लावून घेतली.

आणि पाणी आलं. अशी धार, की बादली भरताना कुणी बोलेना. शेजारीण केस धुऊन आली आणि म्हणाली, “वहिनी, हात लावून बघा, रेशीम!” कुणी चहा करून आणला, कुणी वहिनींचे पाय धरायला वाकलं. भाऊंच्या चादरी मऊ झाल्या. आठवड्यात पाठीवर नवी कातडी धरली. वहिनींना इतका आनंद झाला की त्यांनी एका दिवसात सगळेच्या सगळे टब उपसले आणि नव्या पाण्याने काठोकाठ भरले. अर्धं जुनं अर्धं नवं करायची भाऊंची पद्धत होती, पण जुनं पाणी उरलं होतं कुठे? “घ्या,” त्या माशांना म्हणाल्या, “तुम्हीही गोडं पाणी प्या.” दर टबाला एक मूठ मीठ, नेहमीप्रमाणे.

तिसऱ्या दिवशी गुलाबी टबातली एक मादी जागच्या जागी डुलत होती. पुढे जात नव्हती, मागे येत नव्हती. पंख अंगाशी मिटून नुसती डावीकडे उजवीकडे, थंडीने काकडणाऱ्या माणसासारखी. संध्याकाळपर्यंत त्या टबातल्या सगळ्याच डुलायला लागल्या.

वहिनींनी दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, “गारठा बसला असेल. मीठ वाढवून बघा.” पण त्याच्या आवाजात खात्री नव्हती. मग वहिनींनी भाऊंना कसंबसं खुर्चीत बसवलं आणि खुर्ची ओढत अंगणात आणली. सात महिन्यांनी भाऊ आपल्या टबांपाशी आले होते.

“बघा हो, काय झालंय यांना?”

भाऊ वाकून बघत राहिले. त्यांचा श्वास जोरात चालायला लागला. डावा हात टबाच्या कडेवर आपटला. ओठ वाकडे झाले, सरळ झाले, आणि आतून ओढून काढावा तसा एक शब्द बाहेर आला.

“ख… खडे.”

नवा शब्द! वहिनी भाऊंचा चेहरा दोन्ही हातांत धरून हसल्या, रडल्या. “अहो, बोललात तुम्ही! पुन्हा म्हणा!”

“खडे. खडे.”

“खडेमीठ ना? कळलं, कळलं.” त्या धावत बरणी घेऊन आल्या. “हेच ना?”

भाऊंची मान हलली. पण ती आता कायमच हलायची. “खडे!” ते ओरडले, आणि हात पाण्यात घालून तळाशी काहीतरी ठेवल्यासारखं करायला लागले. वहिनींनी दर टबाला दोन मुठी मीठ टाकलं. दुसऱ्या दिवशी भाऊ पुन्हा ‘खडे’ म्हणाले; चार मुठी टाकलं. भाऊंनी खुर्चीचा हात बडवला. “अजून?” वहिनींनी विचारलं, आणि भाऊंच्या तोंडून सवयीने निघालं, “हो.” वहिनींनी बरणी उपडी केली.

पिल्लं आधी गेली. सकाळी टबाच्या कडेने काळी रेघ दिसली. वहिनींना वाटलं शेवाळ असेल. हात घातल्यावर कळलं. मग पोटुशा माद्या गेल्या. नरांच्या अंगावर कापसासारखे पांढरे ठिपके उठले. टबांतल्या पाणवेली सडल्या. दोन आठवड्यांत नऊ टब रिकामे झाले. वहिनी मेलेल्या मोली टोपलीत गोळा करायच्या आणि टोपलीवर फडकं झाकून खोलीवरून न्यायच्या, भाऊंना दिसू नये म्हणून. पण भाऊंचा पलंग खिडकीशी होता, आणि त्यांची नजर शाबूत होती.

दुकानदार आला, टबांमधून फिरला. एरवी तोंडाचा पट्टा थांबायचा नाही त्याचा. जाताना म्हणाला, “वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. मी ताजे जोड आणून देतो तुम्हाला.” वहिनी म्हणाल्या, “काठवाल्या?” तो गाडीच्या किल्लीशी चाळा करत उभा राहिला.

वहिनींना आता एकच सुचत होतं. पाण्यात विष आहे. नवीन नळात काहीतरी सोडतात हे लोक. त्यांनी नळाचं पाणी बाटलीत भरलं आणि पाणीखात्याच्या प्रयोगशाळेत जाऊन बाटली टेबलावर आपटली. तिथे एक तरुण बाई पांढरा कोट घालून बसली होती.

“तपासा हे. माणसं मरायच्या आधी तपासा.”

“बसा मावशी,” ती म्हणाली. “कोण मेलंय?”

“मासे. सगळे.”

ती हसली नाही. तिने पाणी तपासलं. काचेच्या नळीतून थेंब थेंब औषध सोडत मोजत राहिली. मग म्हणाली, “पाणी स्वच्छ आहे. उलट फारच चांगलं आहे. कुठले मासे होते?”

“मोली.”

“आणि आधी कुठलं पाणी होतं?”

“विहिरीचं. त्याचा कागद तुमच्याकडेच आहे, अर्जाला जोडलेला. मीच जोडलाय.”

बाईने फाईल मागवली. कागद काढून वाचला, आणि तो वहिनींसमोर सरकवला.

“मावशी, विहिरीच्या पाण्याचा जडपणा चारशेच्या घरात होता. या पाण्याचा पस्तीस आहे. जडपणा म्हणजे चुन्याचा अंश, दगडातून उतरतो तो. मोलीला तोच लागतो. तो नसला तर तिच्या अंगात पाणी शिरत राहतं आणि अंगातले क्षार निघून जातात. डुलायला लागतात, तसंच झालं ना?”

“पण मीठ घातलं की मी! बरणीभर घातलं!”

“मीठ वेगळं, जडपणा वेगळा. मिठाने पाणी खारट होतं, जड होत नाही. जड पाण्यात चिमूट मीठ टाकलं तर मोलीला बरंच. पण आधीच दमलेल्या माशांवर एकदम इतकं मीठ…” तिने फाईल मिटली. “तुम्हाला माहीत नव्हतं, तुमचा काय दोष. सोपं होतं तसं. चुनखडीचे खडे असतात ना, पांढरे? ते पाण्यात टाकून ठेवायचे, आणि पाणी थोडं थोडं करून बदलायचं. नुसते खडे.”

वहिनी टेबलावरून पुढे वाकल्या.

“काय म्हणालात?”

“खडे. चुनखडीचे.”

पुढे ती बाई काय काय सांगत होती ते वहिनींना ऐकू गेलं नाही. त्यांना भाऊंचा हात दिसत होता, पाण्यात तळाशी काहीतरी ठेवणारा. गिऱ्हाइकाच्या पुडीतले चार पांढरे खडे दिसत होते. स्वयंपाकघरात ओट्याखालच्या डब्यात त्या खड्यांची पिशवी अजून तशीच पडली होती. गेल्याच महिन्यात त्यांनी ती उंदीर येतात म्हणून फडक्याने पुसून नीट बांधून ठेवली होती. सात महिन्यांत त्या माणसाने जिवाच्या आकांताने एक शब्द जोडला, आणि त्यांनी तो ऐकून मिठाची बरणी ओतली.

“मावशी, पाणी देऊ?” त्या बाईने विचारलं.

घरी येऊन वहिनींनी ती पिशवी काढली. सात मोली उरल्या होत्या. त्यांना एका टबात एकत्र केलं, मीठ उतरवत उतरवत पाणी बदललं, तळाला खडे पसरले, बाईने सांगितलं होतं तसा शिंपल्यांचा चुराही घातला. घाई केली नाही. पाचव्या दिवशी डुलणं थांबलं. दहाव्या दिवशी पंख उघडले. मग वहिनींनी त्यांना एकेक करून नीट पाहिलं. सहा नर होते. सातवी मादी म्हातारी, पाठीत बाक आलेली. तिने महिनाभराने तीन पिल्लं टाकली. तिन्ही मेलेली होती. एकाच्या पंखाला काठ होता.

भाऊंना सांगायला हवं होतं. वहिनी इतके दिवस टाळत आल्या होत्या. भरवताना बोलू, चादर बदलताना बोलू, असं करत. मग एका दुपारी पलंगाच्या कडेवर बसल्या.

“अहो. तुम्ही पांढरे खडे म्हणत होतात. चुनखडीचे. मीठ नव्हे.”

भाऊ छताकडे बघत होते. त्यांनी मान वळवली.

“मला कळलं नाही. विहीर बुजवायलाही मीच सही दिली. तुम्ही नको म्हणाला होतात तरी. माझ्या हातून झालं सगळं. ऐकताय ना?”

“हो,” भाऊ म्हणाले.

“रागावलात?”

“हो.”

“माफ कराल?”

“हो.”

वहिनी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. डोळ्यांत काही दिसेल म्हणून बराच वेळ बघितलं. भाऊंच्या डोळ्यांना हल्ली कायमच पाणी यायचं. वहिनींनी ते पदराने टिपलं आणि उठल्या. त्यानंतर भाऊंच्या तोंडून ‘खडे’ हा शब्द पुन्हा कधी आला नाही.

मग वहिनींनी शोध सुरू केला. सतरा वर्षांत शेकडो काठवाल्या या अंगणातून बाहेर गेल्या होत्या. कुठेतरी एक जोड जिवंत असेलच. दुकानदाराला आठवतील तेवढे पत्ते त्यांनी मागून घेतले. शेजारणीला भाऊंजवळ बसवून त्या दारोदार फिरल्या, सह्यांसाठी फिरल्या होत्या तशाच. एका घरी पेटी विकून टाकली होती. एका घरी पेटीत आता खेळण्यातल्या मोटारी होत्या. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आत बोलावलं, मोठ्या अभिमानाने मासे दाखवले. ते साधे काळे निघाले. “काठ होता पूर्वी,” ते म्हणाले, “दोनतीन पिढ्यांत गेला बघा.”

शेवटचा पत्ता दातांच्या दवाखान्याचा होता. वर्षापूर्वी तिथे दोन जोड गेले होते. बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून मोठी पेटी होती, दिवा लावलेली, तीत चार लाल-पांढरे गोल्डफिश. वहिनी पेटीजवळ जाऊन कोपरा न् कोपरा बघत राहिल्या.

“इथे काळ्या मोली होत्या ना? केशरी काठाच्या?”

टेबलामागची मुलगी आठवायला लागली. “हो, त्या गेल्या केव्हाच. आम्ही पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलं ना, त्यानंतर टिकल्याच नाहीत.” मग वही पुढे ओढत म्हणाली, “बसा तुम्ही. चार नंबर आहेत आधी.”

वहिनी बसल्या. पाय दुखत होते. तिसरा पेशंट आत गेला तेव्हा उठल्या आणि बाहेर पडल्या.

भाऊ पावसाळा संपता संपता गेले. दुपारी जेवण भरवत असताना दुसरा घास तोंडातच राहिला. गल्ली लोटली. पाणीखात्याचा साहेबही आला. म्हणाला, यांच्या मिसेसनी फार मोठं काम केलंय या भागासाठी. वहिनी खाली मान घालून ऐकत होत्या.

तोवर टबात दोन नर उरले होते. त्यातला एक त्याच आठवड्यात गेला. दुकानदार साध्या मोलींचे दोन जोड घेऊन दारात उभा राहिला, तर वहिनी म्हणाल्या, “नको हो दादा. मला नाही जमणार आता.” त्याने आग्रह केला नाही. पिशवी हातात तशीच धरून तो थोडा वेळ टबाशी उभा राहिला, एकट्या नराकडे बघत.

तो नर त्यानंतर अकरा दिवस जगला. वहिनी रोज सकाळी उठून, तोंड धुवायच्या आधी, त्याला चिमूटभर खाणं टाकायच्या. पंख उभारून तो वर यायचा, खायचा, आणि पुन्हा तळाला जाऊन बसायचा. बाराव्या दिवशी वर आला नाही. वहिनींनी चिमूट परत डबीत टाकली. मग घरात गेल्या. आत कुणाचं काही करायचं नव्हतं.